पाऊणशे वर्षांची नोकरी : कमलाबाई गोखले आणि नाशिकची ‘मोहिनी’

सुरुवातीलाच एक प्रश्न विचारतो. भारतीय चित्रपटातली पहिली अभिनेत्री कोण?

मागच्या रांगेत स्पर्धा परीक्षांची मुलं बसली आहेत, त्यांचे हात लगेच वर गेले. कुणी म्हणालं दुर्गाबाई कामत, कुणी म्हणालं कमलाबाई गोखले. भांडू नका, दोन्ही उत्तरं चालतील. दोघी एकाच चित्रपटात होत्या. ‘मोहिनी भस्मासुर’, साल १९१३. दुर्गाबाई झाल्या पार्वती आणि त्यांची मुलगी कमला झाली मोहिनी. आई आणि लेक यांच्यात पहिलं कोण, हा वाद त्या दोघींनी स्वतः ऐकला असता तर हसल्या असत्या असं आम्हाला वाटतं. आणि हा चित्रपट मुंबईत नाही, पुण्यात नाही, तर आपल्या नाशकात तयार झाला.

आता आमची एक कबुली. आम्ही काही मंडळी गेली बरीच वर्षं शाळांच्या सहलींना पांडवलेण्यांच्या पायथ्याचं फाळके स्मारक दाखवतो. तिथं उभं राहून आम्हीही हेच सांगायचो. पहिला चित्रपट, पहिले दिग्दर्शक, पहिली अभिनेत्री, चला पुढे, पाणी पिऊन घ्या. एकदा सातवी-आठवीतली एक मुलगी मागे रेंगाळली आणि तिनं विचारलं, “मग पुढे त्यांनी काय केलं?” आमच्यापैकी एकालाही धड उत्तर देता आलं नाही. ज्या बाई शतक भरायला दोन-तीन वर्षं उरेपर्यंत जगल्या, त्यांचं आयुष्य आम्ही नाशकातल्या थोड्या दिवसांवर गुंडाळून ठेवलं होतं. आजचं व्याख्यान म्हणजे त्या मुलीला उशिरानं दिलेलं उत्तर आहे.

गोष्ट सिनेमापासून सुरू होत नाही. ती नाटकापासून सुरू होते, आणि नाटकाचा त्या वेळचा संसार आधी समजून घ्यावा लागतो. अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘संगीत शाकुंतल’ आलं १८८० साली. तिथून पुढची पन्नासेक वर्षं मराठी माणूस संगीत नाटकानं अक्षरशः झपाटलेला होता. नाशिकही त्यातच. आपल्याकडे विजयानंद नाट्यगृहाचं नाव निघालं की २१ डिसेंबर १९०९ ची रात्र आठवते. अनंत कान्हेरे यांनी जॅक्सनवर गोळ्या झाडल्या ती रात्र. पण त्या रात्री तिथं प्रयोग कशाचा होता? ‘संगीत शारदा’चा, किर्लोस्कर मंडळींचा. कलेक्टराला निरोप द्यायचा तर तोसुद्धा संगीत नाटकानं, एवढं नाटक त्या काळच्या गावजीवनात मुरलेलं होतं.

आणि या नाटकांतल्या शारदा, शकुंतला, सुभद्रा सगळे पुरुष. स्त्रियांच्या वेगळ्या नाटकमंडळ्या होत्या, नाही असं नाही. पण त्यांच्याकडे बघण्याची समाजाची नजर वेगळी होती. प्रतिष्ठित कंपनीत, प्रतिष्ठित प्रेक्षकांसमोर, बाईचं काम पुरुषच करणार हा शिरस्ता. बालगंधर्व १९०५ मध्ये किर्लोस्कर मंडळीत आले आणि १९११ च्या ‘मानापमान’मधली त्यांची भामिनी पाहून घरंदाज बायका शालू कसा नेसावा, चालावं कसं, हे त्यांच्यावरून शिकू लागल्या. गंधर्व नाटक मंडळी स्थापन झाली ती १९१३ मध्ये. हे साल लक्षात ठेवा. पुरुषानं स्त्री उभी करण्याची कला ज्या वर्षी कळसाला पोहोचत होती, त्याच वर्षी नाशकात एक खरीखुरी मुलगी कॅमेऱ्यासमोर उभी राहिली.

ही मुलगी कुठून आली? १९०० साली तिचा जन्म. वडील आनंदराव नानोसकर मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात शिकवत. आई दुर्गाबाई. कमला तीन वर्षांची असताना आई-वडील वेगळे झाले. त्या काळी नवऱ्यापासून वेगळी झालेली ब्राह्मण बाई, पदरात मुलगी. तिच्यापुढे रस्ते किती? कुणाच्या घरी धुणीभांडी-स्वयंपाक, माहेरच्या कोपऱ्यात मानहानी, किंवा त्याहून वाईट. दुर्गाबाईंनी नाटक निवडलं. नाटकात जाणं म्हणजे जातीनं वाळीत टाकणं ओढवून घेणं, आणि ते त्यांना भोगावंही लागलं. कलेची ओढ वगैरे आपण नंतर जोडतो. ओढ असेलही, पण आधी पोट होतं.

कमला साधारण चार वर्षांची असताना रंगमंचावर गेली. फिरत्या कंपनीत शाळा कुठली? आईनंच घरी, म्हणजे बिऱ्हाडाच्या मुक्कामी, लिहायला-वाचायला शिकवलं. आज कोल्हापूर, उद्या मिरज, परवा आणखी कुठं. बैलगाडीत पेट्या, पेट्यांत जरीचे कपडे, आणि कपड्यांवर झोपलेली पोरं. नाटक कंपनीतली मुलं अशीच वाढायची. तालीम कानावर पडून पडून आधी दुसऱ्यांची कामं पाठ व्हायची आणि मग एक दिवस कुणी आजारी पडलं की उभं केलं जायचं.

आता दुसऱ्या बाजूनं दादासाहेब फाळक्यांकडे या. आपले त्र्यंबकेश्वरचे, जन्म ३० एप्रिल १८७०. ‘राजा हरिश्चंद्र’साठी त्यांना तारामती मिळेना, ही गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. जाहिराती दिल्या, नको त्या वस्त्यांत जाऊन विचारलं, तिथल्या बायकांनीही नकार दिला. ज्या बायकांना समाजानं आधीच बाहेर टाकलं होतं, त्यांनाही सिनेमा आपल्या पायरीखालचा वाटत होता! चित्रपटात काम करतो म्हटलं तर लोक हसतील म्हणून फाळके आपल्या माणसांना सांगत, “हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहे असं सांगा.” शेवटी तारामती सापडली ती एका उपाहारगृहात. अण्णा साळुंके, तिथं स्वयंपाकाच्या कामावर. दहा रुपये पगार होता, फाळक्यांनी पंधरा देऊ केले, असं सांगतात. ३ मे १९१३ ला मुंबईच्या कोरोनेशनमध्ये चित्रपट लागला आणि त्यातली राणी, दासी, सगळा अंतःपुराचा परिवार पुरुषांचा होता. हौदातल्या स्नानाचं ते दृश्य अजून पाहायला मिळतं. ओल्या लुगड्यातले ते दांडगे हात-खांदे पाहिले की हसू येतं, आणि जरा वेळानं हसू ओसरतं.

‘हरिश्चंद्र’ चालला आणि फाळके मुंबईचं बिऱ्हाड उचलून नाशकात आले. त्यामागचा विचार उघड आहे. पौराणिक चित्रपट काढायचे तर घाट, देवळं, डोंगर, नदी लागणार. हे सगळं नाशकात तयार नेपथ्य म्हणून उभं होतं, भाडं न देता. रामकुंड, पंचवटी, गोदेचा काठ आणि थोडं लांब गेलं की ब्रह्मगिरी. दुसरी गोष्ट म्हणजे सूर्यप्रकाश. त्या वेळचं चित्रीकरण उन्हावर चालायचं. ढग आला की काम थांबलं. कलाकार, कारागीर, घरचे आणि बाहेरचे सगळे एका वाड्यात राहणार, एका पंगतीत जेवणार. सरस्वतीबाई फाळके स्वयंपाकघरापासून फिल्मला भोकं पाडण्यापर्यंत सगळं सांभाळणार. इतिहासात सरस्वतीबाईंवरही एक वेगळं व्याख्यान व्हायला हवं, पण आज विषयांतर नको.

नाशकात आल्यावर पहिला चित्रपट ठरला ‘मोहिनी भस्मासुर’. कथा आपल्या सगळ्यांना माहीत आहे. ज्याच्या डोक्यावर हात ठेवीन तो भस्म होईल असा वर मिळालेला असुर, आणि त्याला नाचता नाचता स्वतःच्याच डोक्यावर हात ठेवायला लावणारी मोहिनी. आता गंमत बघा. मोहिनी म्हणजे कोण? स्त्रीचं रूप घेतलेला विष्णू. म्हणजे कथेतच एक पुरुष बाईचं सोंग घेतो आहे! स्त्रीपार्टी नटासाठी याहून हक्काची भूमिका सापडली नसती. आणि नेमकी हीच भूमिका फाळक्यांनी पुरुषाला दिली नाही. ती तेरा वर्षांच्या कमलाला दिली.

का दिली? आमचा अंदाज सांगतो, तो अंदाज म्हणूनच घ्या. रंगमंचावर प्रेक्षक लांब असतो, दिव्यांचा उजेड मंद असतो, आणि स्त्रीपार्टी नटाची निम्मी करामत त्याच्या आवाजात असते. बालगंधर्वांचा गळा काढून घ्या आणि मग बघा. मूकपटात गळा नाहीच. कॅमेरा जवळ येतो, ऊन काहीच झाकत नाही. नाचातून मोहिनी दिसली पाहिजे, नाहीतर कथाच कोसळते. ‘हरिश्चंद्र’मध्ये जे खपलं ते इथं खपणार नाही, हे फाळक्यांसारख्या बारीक नजरेच्या माणसाला कळलं नसेल असं नाही.

पण कमलाच्या बाजूनंही विचार करा. ती संगीत नाटकातली मुलगी. पद म्हणायचं, ‘वन्स मोअर’ घ्यायचा, पुन्हा म्हणायचं, हे तिचं शिक्षण. आणि इथं तिला एका लाकडी पेटीसमोर उभं केलं. पेटीचा दांडा एक माणूस फिरवतो आहे. गाणं नाही, संवाद ऐकू जाणार नाहीत, टाळी नाही, समोर प्रेक्षक नाही. भर उन्हात रंग फासून नाचायचं आणि नाच कुणाला आवडला की नाही हे कितीतरी दिवसांनी, कुठल्याशा गावच्या थिएटरातल्या लोकांना कळणार, तिला नाहीच. नट म्हणून हा किती विचित्र अनुभव असेल! तिच्याआधी या देशातल्या कुठल्याच मुलीनं तो घेतलेला नव्हता, त्यामुळे विचारायचीही सोय नव्हती. सोबत आई होती, एवढाच आधार.

‘मोहिनी भस्मासुर’ आज पूर्ण पाहायला मिळत नाही. ज्या नाचावर चित्रपट उभा होता, तो आपण पाहू शकत नाही. ‘हरिश्चंद्र’चा काही भाग आहे, ‘कालिया मर्दन’ बरंच आहे. मोहिनी मात्र गेली. म्हणूनही असेल, पण ‘पहिली’ हा शब्द तेवढा हातात उरला आणि तोच आपण घासूनपुसून ठेवला.

आता इथं एक गैरसमज दूर करू. आपल्याला वाटतं की एकदा स्त्री पडद्यावर आली की दार उघडलं, मग सगळ्या आल्या. तसं झालं नाही. चारच वर्षांनी, १९१७ मध्ये, फाळक्यांनी ‘लंका दहन’ काढला. त्यात सीता कोण? अण्णा साळुंके. आणि राम? तेही साळुंकेच! एकाच माणसानं दोन्ही भूमिका केल्या. सीतेच्या लुगड्याखालून रामाचे दंड ओळखू येतात, असा विनोद तेव्हापासून चालत आला आहे. तरी चित्रपट तुफान चालला. म्हणजे प्रेक्षकांची तक्रार नव्हती. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये तर फाळक्यांची छोटी मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. मुलगी मुलगा होते, पुरुष सीता होतो. या सगळ्यात कमलाबाईंचं १९१३ हे एक सुटं पान वाटतं. पुढचं पान तिला जोडलेलं नाही.

याचं एक साधं कारण आहे. कमला फाळक्यांच्या कंपनीतली नव्हतीच. ती नाटकवाली होती. काम झालं आणि माय-लेकी आपल्या जगात परत गेल्या. त्यांच्या लेखी नाशकातलं काम हा दोन मुक्कामांमधला एक मुक्काम होता. पोटापाण्याचं खरं ठिकाण नाटक कंपनी. आणि त्यांच्या या हिशेबाला आम्ही तरी चूक म्हणणार नाही. १९१३ साली सिनेमा टिकेल, वाढेल, असं सांगणारा ज्योतिषी कुठं होता? पुढच्याच वर्षी महायुद्ध सुरू झालं आणि खुद्द फाळके पैशाच्या अडचणीत सापडले.

कंपनी होती चित्ताकर्षक नाटक मंडळी, गोखले बंधूंची. त्यातले रघुनाथराव गोखले आधी किर्लोस्कर मंडळीत स्त्रीभूमिका करत. आवाज फुटला आणि ते काम गेलं. स्त्रीपार्टी नटाच्या आयुष्यातला हा ठरलेला अपघात. काल नायिका, आज घोगरा आवाज, उद्या काय? रघुनाथराव भावाच्या कंपनीत आले आणि पुरुषभूमिका करू लागले. त्यांच्यासमोर नायिका म्हणून उभी राहिली कमला. पुढे दोघांचं लग्न झालं. म्हणजे घर असं, की नवरा कालपर्यंत नायिका होता आणि बायको आजची नायिका. मराठी रंगभूमीवर पुरुषाकडून स्त्रीकडे काम कसं गेलं, याच्यावर मोठे ग्रंथ लिहिता येतील, पण ते या एका संसारात बघायला मिळतं.

संसार मात्र लांबला नाही. कमलाबाई पंचविशीत असताना रघुनाथराव गेले. पदरी दोन मुलगे, तिसरं मूल पोटात. बावीस वर्षांपूर्वी दुर्गाबाई जिथं उभ्या होत्या, जवळजवळ तिथंच मुलगी येऊन उभी राहिली. फरक एवढाच की हिच्या हातात धंदा होता. त्या काळच्या विधवेनं काय करायचं, हे समाजानं ठरवून ठेवलेलं होतं. लाल आलवण, कोपरा, देवपूजा. कमलाबाईंनी तोंडाला रंग लावला आणि कामाला गेल्या. मनोहर स्त्री संगीत मंडळी या कंपनीत त्यांनी काम केलं.

स्त्री संगीत मंडळी म्हणजे काय, हे नव्या पिढीला सांगायला हवं. सगळ्या भूमिका बायका करणार. नायिका बाई, नायक बाई, खलनायक बाई, राजाही बाईच. पुरुष सगळ्या भूमिका करतात हे आपल्याला कौतुकाचं वाटतं, त्यावर पुस्तकं आहेत, चित्रपट आहेत. बायकांनी मिशा लावून पुरुष उभे केले त्याचं कौतुक मात्र आपण केलं नाही. त्या कंपन्यांच्या कहाण्या बव्हंशी सांगणाऱ्यांबरोबर गेल्या. पुढे १९३३ मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’ आलं, स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी करणं प्रतिष्ठित झालं, आणि त्याचं श्रेय योग्य माणसांना मिळालंही. पण तोवर कमलाबाई जवळपास तीस वर्षं रंगमंचावर काढून बसल्या होत्या, हे कुणी मोजलं नाही.

मुलांचं काय झालं? थोरले चंद्रकांत गोखले, १९२१ चा जन्म, लहान वयातच रंगमंचावर आले. मराठी नाटक-चित्रपट पाहणाऱ्यांना त्यांच्याबद्दल काही सांगायला नको. २००८ मध्ये ते गेले तोवर त्यांनी किती भूमिका केल्या याची गणती कठीण आहे. लालजी आणि सूर्यकांत हे दोघे तबल्याकडे वळले. आणि चंद्रकांतांचे चिरंजीव विक्रम गोखले. ‘बॅरिस्टर’ ज्यांनी पाहिलं असेल त्यांनी डोळे मिटून तो आवाज आठवून बघावा. २०१३ च्या ‘अनुमती’साठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०२२ मध्ये ते गेले. दुर्गाबाईंपासून मोजलं तर चार पिढ्या. घराण्याचा वारसा असा शब्द आपण वापरतो तेव्हा डोळ्यांपुढे वाडा येतो, झुंबरं येतात. या घराण्याच्या मुळाशी आहे टाकलेली एक बाई आणि तिची चार वर्षांची पोर. वारसा म्हणून मिळालं ते काम.

सिनेमाकडे कमलाबाई परतल्या. बोलपट आल्यावर नाटकातल्या माणसांना मागणी आली, कारण बोलता-गाता येणारी माणसं तिथंच होती. १९१३ मध्ये ज्या गळ्याचा उपयोग नव्हता तो आता उपयोगी पडला. त्यांनी तीसहून अधिक चित्रपट केले. नायिका म्हणून त्यांचं नाव झळकलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्यांनी त्यासाठी जीव टाकल्याचंही दिसत नाही. काम आलं, केलं. शेवटचा चित्रपट १९८० चा, हिंदी, ‘गहराई’. अरुणा राजे आणि विकास देसाई यांचा. पद्मिनी कोल्हापुरे, श्रीराम लागू होते त्यात. तेव्हा कमलाबाई ऐंशीच्या. हातानं फिरवायच्या कॅमेऱ्यापासून रंगीत बोलपटापर्यंत, एकाच माणसाची सदुसष्ट वर्षं. जगाच्या चित्रपट इतिहासात अशी माणसं बोटावर मोजण्याइतकी निघतील.

नव्वदी ओलांडल्यावर रीना मोहन यांनी त्यांच्यावर ‘कमलाबाई’ नावाचा माहितीपट केला. मिळाला तर जरूर बघा. आम्ही तो एकत्र बसून पाहिला आणि पाहताना जरा ओशाळलो. कारण आमच्या मनात एक थोर, पवित्र, पांढऱ्या केसांची ‘आद्य अभिनेत्री’ होती. पडद्यावर दिसल्या त्या पुण्यातल्या घरात एकट्या राहणाऱ्या, फटकळ, गमतीच्या म्हातारबाई. शरीर थकलेलं आणि नाटकातलं एखादं भाषण आठवलं की आवाज एकदम ताठ. शब्द विसरतील असं वाटावं, तेवढ्यात पुढचं वाक्य हजर. ज्या गोष्टीवर आम्ही वर्षानुवर्षं भाषणं ठोकत होतो, ती त्यांच्या बोलण्यात अनेकांतली एक होती. नव्वदीच्या दशकाच्या उत्तरार्धात त्या गेल्या.

आता कालिदास कलामंदिरावरून जाताना, किंवा विजयानंदच्या आठवणी निघतात तेव्हा, आमच्या डोक्यात एक वेगळाच हिशेब सुरू असतो. नाशकात कमलाबाई किती दिवस होत्या, कुठं उतरल्या, तो नाच कुठल्या घाटाजवळ झाला, उन्हात किती वेळा करावा लागला. जुन्या नाशकातल्या कुणाच्या घरी आजी-पणजीकडून ऐकलेलं काही असेल, एखादा फोटो, एखादं हँडबिल, तर आम्हाला जरूर दाखवा. वस्तू तुमच्याकडेच राहील, आम्ही फक्त नोंद करून घेऊ.

ती सहलीतली मुलगी आता कॉलेजात आहे. तिला या व्याख्यानाचं निमंत्रण पाठवलं होतं, परीक्षा असल्यानं ती येऊ शकली नाही. ध्वनिमुद्रण पाठवतो म्हणून सांगितलंय.

अण्णा साळुंक्यांचं आज अर्धंच झालं. स्वयंपाकघरातून तारामती, तिथून राम-सीता आणि पुढे थेट कॅमेऱ्यामागे, हा माणूस स्वतंत्र व्याख्यानाचा आहे. तो पुढच्या वेळी घेऊ. आता प्रश्न असतील तर विचारा. मागच्या रांगेपासून सुरू करू.